पोकळ नाडी

"सही करायला माझं काही जात नाही," ताई म्हणाली, "पण काम कोण करणार, ते आधी सांगा."

समोर स्टुलावर बसलेल्या डॉक्टर मॅडमनी मांडीवरचे कागद सारखे केले. यंत्रांच्या खडखडाटात त्यांना मोठ्याने बोलायची सवय नव्हती. "काम आम्हीच करू, प्रयोगशाळेत. तुम्हाला काही त्रास होणार नाही. या सरकारी योजनेची अट आहे, संशोधनाला पैसे हवे असतील तर प्रयोगशाळेनं एखादा लहान उद्योग बरोबर घ्यायला हवा. म्हणून तुमचं नाव..."

"म्हणजे नुसतं नावाला."

"तसं नाही हो."

"तसंच आहे. शाळेच्या फोटोत उंच मुलीला मागे कोपऱ्यात उभी करायचे, तसं. तिथंही मीच असायचे, म्हणून मला कळतं." ताईने पेन टोपण लावून परत दिलं. "नावापुरती मी कुठे उभी राहत नाही."

मॅडमचा चेहरा उतरला. या गल्लीत शिरण्याआधी त्या दोन मोठ्या कंपन्यांचे उंबरे झिजवून आल्या होत्या. एका ठिकाणी चहा मिळाला होता, दुसरीकडे तोही नाही. एवढ्याशा मालासाठी आमची यंत्रं थांबवणं परवडत नाही, असं दोघांनीही सांगितलं होतं. अर्ज द्यायची मुदत आठ दिवसांवर आली होती.

ताईचा कारखाना म्हणजे गल्लीच्या टोकाचा एक लांबट गाळा. बारा यंत्रं, त्यातली सात चालू. बुटांच्या लेस, पायजम्याच्या नाड्या, दप्तरांचे गोफ असला माल तिथे निघायचा. गल्लीत तिला सगळे 'नाडीवाल्या बाई' म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिच्या बाविसाव्या वर्षी वडिलांना, अप्पांना, अर्धांगाचा झटका आला, तेव्हा 'चार दिवस बघते' म्हणून ती गाळ्यात येऊन बसली होती. त्या चार दिवसांना आता पस्तीस वर्षं झाली होती. अप्पा गेले. धाकटा भाऊ शिकून परगावी मोठ्या नोकरीला लागला. लग्नाचं तिचं राहिलं ते राहिलंच. आधी वेळ नव्हता, मग कुणी विचारलं नाही, आणि पुढे पुढे तिचं तिलाच ते आठवेनासं झालं.

बॉबिनं भरणाऱ्या काकू इतका वेळ कान देऊन ऐकत होत्या. संधी साधून त्या पुढे आल्या. "डॉक्टर आहात ना? माझ्या या गुडघ्यावर काहीतरी लिहून द्या की."

"मी तसली डॉक्टर नाही हो काकू. मी धाग्यांची डॉक्टर आहे."

"अगं बाई! धाग्यांनाही दुखणी असतात?"

ताईला हसू आलं, मॅडमनाही आलं. त्या हसण्यानेच पुढचं जमलं म्हणायचं. मॅडमनी पर्समधून काचेची एक बाटली काढली. आत पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, पांढरीशुभ्र नळी होती.

"ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत, त्यांचं रक्त आठवड्यातून तीनदा यंत्रातून धुऊन घ्यावं लागतं," त्या म्हणाल्या. "दर वेळी दंडात दोन जाड सुया. काही वर्षांत शिरा पार खराब होतात. मग दंडात अशी एक नळी बसवतात आणि सुया तिच्यात टोचतात. आज मिळतात त्या नळ्या लवकर तुंबतात. आमचा धागा वेगळा आहे. त्याच्या आतून शरीर स्वतःचं अस्तर धरतं."

ताईने बाटली उजेडाकडे धरली. "ही तर नाडीच आहे की! पोकळ नाडी."

"हो, तसं म्हटलं तर..."

"कुठे केलीत?"

"दुसऱ्या एका संस्थेतल्या यंत्रावर. चार महिने नंबर लावावा लागतो."

ताईने हात धुतले, पुसले, आणि विचारून नळी बाहेर काढली. दोन बोटांत धरून अलगद वाकवली. मधोमध ती चपटी झाली.

"ही कोपराजवळ बसणार ना? माणूस हात दुमडणारच. मग रक्त जाणार कुठून?"

मॅडमनी नळी परत हातात घेतली. "आमचं घोडं तिथंच अडलंय," त्या म्हणाल्या.

ताई उठली. फळीवरच्या खोक्यातून तिने दप्तराचा एक जुना गोफ शोधून काढला. तोही आतून पोकळच होता. "हा वाकवा." मॅडमनी वाकवला, दुमडला, बोटाभोवती गुंडाळला. तो गोलच राहिला.

"चोवीस बॉबिनांचा आहे. वीण दाट, पण ताण कमी. ताण जास्त दिला की नाडी दिसायला सुरेख होते आणि वाकायला नालायक. तुमच्या नळीला फार ओढलंय कुणीतरी."

मॅडम तो गोफ घेऊन गेल्या. कागद मात्र सहीविना परत गेले. दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा अर्जाचं तिसरं पान बदललेलं होतं. 'नळी विणणे' या ओळीपुढे प्रयोगशाळेचं नाव खोडून ताईच्या कारखान्याचं घातलं होतं. ताईने चष्मा लावून पानन् पान वाचलं. दोन ठिकाणी अर्थ विचारला. मग सही केली.

रविवारी भावाचा फोन आला. दर रविवारी यायचा, आणि अलीकडे विषय एकच असायचा. "ताई, त्या गाळ्याला चांगलं गिऱ्हाईक आहे गं. किती दिवस नाड्या विणत बसणार आहेस? इकडे ये, आराम कर."

"सध्या जमणार नाही. मी संशोधन करतेय."

"बरी आहेस ना?" त्याने काळजीने विचारलं.

*

पैसे मंजूर झाले, पण काम सोपं नव्हतं. गाळ्याच्या मागच्या भागात काचेची खोली उभी राहिली. धूळ नको म्हणून दुहेरी दार, आत जाताना पांढरा झगा, टोपी, हातमोजे. काकूंनी पहिल्या दिवशी आरशात पाहिलं आणि "मी तर गुडघ्याचं ऑपरेशन करायला निघाल्यासारखी दिसते," म्हणून पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

आत एकच यंत्र गेलं, चार नंबरचं. अप्पांनी घेतलेलं सगळ्यांत जुनं, पण चाल सगळ्यांत मऊ. त्याचा एकेक भाग सुटा करून ताईने धुतला. तेलाचा थेंबही चालणार नव्हता, आणि तेलाशिवाय यंत्र चालवायचं म्हणजे ताईच्या मते पाण्याशिवाय पोहायचं. मॅडमनी कसलासा कोरडा लेप शोधून आणला. तो पहिल्यांदा सोलून निघाला, दुसऱ्यांदा चिकटून बसला, तिसऱ्यांदा जमला. धागा केसाहून बारीक होता आणि सारखा तुटत होता. ताईने बॉबिनांवरची वजनं काढून टाकली आणि त्याजागी स्वतः तार वळून हलक्या स्प्रिंगा बसवल्या. तरी तुटे. मग मॅडमनी हवेतला ओलावा मोजून तो वाढवला, तेव्हा कुठे धागा वठणीवर आला.

दोघींची भांडणंही होत.

"तुटला तर तुटला, गाठ मारते. माझी गाठ भिंगातून शोधावी लागेल," ताई म्हणे.

"रक्ताला सापडते ती, ताई. गाठीपाशी रक्त गोठतं. गाठ चालणार नाही."

"म्हणजे हातभर झालेली नळी टाकून द्यायची?"

"टाकून द्यायची."

पस्तीस वर्षांत ताईने चांगला माल कधी टाकला नव्हता. पहिली नळी कचऱ्याच्या डब्यात टाकताना तिचा हात अडखळला. पण रक्ताचं म्हणणं पटल्यावर तिने पुन्हा वाद घातला नाही. उलट काकूंनी एकदा चोरून गाठ मारली, तेव्हा आठवडाभर त्यांच्याशी ती कामापुरतंच बोलली.

हळूहळू ताई सूक्ष्मदर्शकातून बघायला शिकली, आणि मॅडम यंत्राच्या आवाजावरून कुठलं बॉबिन संपत आलंय ते ओळखायला शिकल्या. वर्ष संपत आलं तेव्हा चाळीस नळ्या तयार होत्या. वाकवल्या तरी चपट्या न होणाऱ्या. पाण्याच्या दाबाची चाचणी चाळीसच्या चाळीस पार झालेल्या. आता योजनेची समिती येऊन पाहणार होती आणि पुढच्या टप्प्याचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवणार होती. ते नाही म्हणाले तर काचेची खोली तशीच पडून राहणार होती, आणि भावाचं गिऱ्हाईक अजून थांबलेलंच होतं.

समिती यायची त्या दिवशी ताई सकाळी आठलाच गाळ्यात आली. नळ्या तबकात मांडायच्या होत्या. मांडताना प्रत्येक नळी ती दोन बोटांतून सावकाश ओढून घेत होती. डोळे मिटून, जशी ती आयुष्यभर नाड्या ओढत आली होती. सत्ताविसाव्या नळीला बोट किंचित थबकलं.

तिने पुन्हा ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, आणि पुन्हा तिथेच.

भिंगाखाली धरल्यावर दिसलं. जिथे एक धागा वरून आणि दुसरा खालून जायला हवा, तिथे एका ठिकाणी दोन धागे जोडीने गेले होते. टाचणीच्या टोकाएवढीही जागा नसेल. तिने पुढच्या नळ्या घेतल्या. एकतीस. बत्तीस. पस्तीस. साडेनऊला ती थांबली तेव्हा अकरा नळ्या बाजूला निघाल्या होत्या. मग तिने चार नंबरचं झाकण उघडलं आणि एकेक बॉबिनाचा पाय, म्हणजे खाचेतून सरकणारा लोखंडी तुकडा, चाचपला. सातव्याचा झिजलेला होता. शे-दोनशे फेऱ्यांत एखाद्या वेळी तो क्षणभर मागे राहत असणार.

यंत्र तिचं, देखभाल तिची. दोष कुणाच्या माथी मारावा असं दुसरं कुणी नव्हतंच.

मॅडम आल्या त्या नवीन साडी नेसून, हातात आकडेवारीची फाइल घेऊन. ताईने त्यांना भिंगापाशी बसवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"पण या चाचणीत पास झाल्यात," त्या शेवटी म्हणाल्या.

"झाल्यात."

"ताई, मला सुद्धा आधी दिसलं नव्हतं. तुम्ही दाखवलंत म्हणून दिसलं. समितीतल्या कुणाला..." त्या मध्येच थांबल्या. आवाज खाली आला. "आज नको सांगूया का? आधी मंजुरी मिळू दे. मग आपण गुपचूप बदलू. मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाहीये."

ताईला त्यांचा राग आला नाही. त्या पोरीने या कामापायी तीन वर्षं सुट्टी घेतली नव्हती, हे तिला माहीत होतं.

"मॅडम, पंधरा वर्षांपूर्वी अशीच चूक होऊन दोन पोती लेस परत आल्या होत्या. विकताना सगळ्या चांगल्या. चार-सहा महिन्यांनी त्याच जागी आधी फुगल्या, मग उसवल्या. मी माफी मागितली आणि नव्या लेस दिल्या. माणसांनी जुन्या काढून नव्या ओवल्या, संपलं." तिने अकरा नळ्यांचं तबक उचललं. "इथे मी कुणाला काय बदलून देऊ?"

मॅडमनी फाइल उघडली आणि 'चाळीस' खोडून स्वतःच्या हाताने 'एकोणतीस' लिहिलं.

समितीत तिघं होते. बोलत होते ते मुख्यतः एक वयस्कर, जाड चष्म्याचे साहेब. मॅडमनी प्रास्ताविक केलं आणि ताईकडे पाहिलं. ताईला भाषणाची सवय नव्हती. ती उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "चाळीस म्हणून कळवलं होतं. चांगल्या एकोणतीस आहेत. अकरा नळ्यांत वीण चुकलीय. चूक माझ्या यंत्राची आहे, म्हणजे माझी आहे. हा तो पाय." आणि झिजलेला लोखंडी तुकडा तिने टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "दाबाच्या चाचणीत या पास आहेत असं इथे लिहिलंय."

"हो. पाण्याच्या दाबात टिकतील. सुया टोचून टोचून टिकणार नाहीत."

"हे कशावरून म्हणता?"

"बोटावरून."

समितीतला तरुण सदस्य गालात हसला. साहेब हसले नाहीत. "बोट अहवालात लिहिता येत नाही, बाई."

"मग सुया टोचून बघा," ताई म्हणाली. "चांगल्या अकरा आणि या अकरा. माझं चुकलं तर तेही लिहा."

निर्णय त्या दिवशी झाला नाही. ताईने नवीन पाय घडवून घेतला, बसवला, आणि इतर तेवीसही बदलून टाकले. प्रयोगशाळेत बावीस नळ्यांतून कोमट पाणी खेळत राहिलं आणि त्यांना सुया टोचल्या जात राहिल्या. सहा आठवडे. या काळात काकूंनी दोनदा विचारलं, "खरंच सांगायची गरज होती का गं?" ताईने दोन्ही वेळा त्यांच्यापुढे रिकाम्या बॉबिनांची टोपली सरकवली.

सातव्या आठवड्यात मॅडम गल्लीतून जवळजवळ धावतच आल्या. अकरांपैकी आठ नळ्या फुगल्या होत्या. नेमक्या त्याच जागी. चांगल्या अकरांना काही झालं नव्हतं.

पंधरा दिवसांनी समितीचं पत्र आलं. पुढचा टप्पा मंजूर होता, मुदतही सहा महिन्यांनी वाढवली होती. खाली एक अट होती. ताईने ती उभ्यानेच वाचली, मग बसून पुन्हा वाचली: या प्रकल्पातील कोणतीही नळी कारखान्याच्या संचालिकेने स्वतः तपासून लेखी संमती दिल्याशिवाय बाहेर जाणार नाही, आणि त्यांनी नाकारलेली नळी प्रयोगशाळेला स्वीकारता येणार नाही. त्याखाली शाईच्या पेनाने कुणीतरी दोन ओळी लिहिल्या होत्या. 'बोट अहवालात लिहिता येत नाही म्हणालो होतो. आता लिहिलं आहे.'

काकूंनी पत्र हातात घेतलं. वाचता येत नव्हतं, तरी वरून खालपर्यंत पाहिलं. "काय गं, चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे," ताई म्हणाली. ती काचेच्या खोलीत गेली आणि झगा घालून नुसतीच उभी राहिली.

पुढच्या सुट्टीत भाऊ आला. काचेबाहेर उभा राहून त्याने यंत्र चालताना पाहिलं. आत बहीण भिंगावर वाकलेली, शेजारी प्रयोगशाळेतून शिकायला आलेल्या दोन मुली हातात वह्या घेऊन तिचं बोलणं उतरवून घेत होत्या. जाताना चपला घालता घालता तो म्हणाला, "त्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवतो." आणि मग, तिच्याकडे न बघता, "अप्पांनी पाहायला हवं होतं गं."

*

अशा कामात घाई चालत नाही. आधी जनावरांवर चाचण्या, मग परवानग्या, मग आणखी परवानग्या. काकू थकल्या, घरी बसल्या, आणि एका हिवाळ्यात गेल्या. त्यांच्या सुनेने निरोप पाठवला तेव्हा ताईने दिवसभर सातही यंत्रं बंद ठेवली. मॅडमचे केस कानापाशी पांढरे झाले. पत्र आल्याला चार वर्षं होऊन गेल्यावर पहिल्या माणसाच्या दंडात नळी बसली. आणखी तीन महिन्यांनी, ती नीट चालतेय म्हटल्यावर, मॅडम ताईला इस्पितळात घेऊन गेल्या.

लांब खोलीत आठ पलंग होते, आठ यंत्रं. मॅडम शल्यविशारदांशी बोलायला दाराशी थांबल्या आणि ताई खिडकीजवळच्या तिसऱ्या पलंगापाशी जाऊन उभी राहिली. पलंगावर चाळिशीचा एक माणूस होता. गाडी चालवून राठ झालेले पंजे. रक्त धुऊन झालं होतं, सुया नुकत्याच निघाल्या होत्या, दंडावर कापसाचे दोन बोळे चिकटवलेले.

त्याने ताईकडे पाहिलं. साधी साडी, हातात कापडी पिशवी. "मावशी, तेवढं पाणी देता का?"

ताईने पेला भरून दिला. त्याने तो त्याच हाताने घेतला. कोपर दुमडलं, पेला तोंडाला लावला, घटाघटा प्यायला. ताई त्याच्या दुमडलेल्या कोपराकडे बघत होती.

"दुखतं का हो?" तिने विचारलं.

"छे! आधीच्या हातानं तर रडवलं होतं. हा एकदम बेस्ट." तो खुशीत आला. बाही आणखी वर सारून त्याने दंड पुढे केला. "हात लावून बघा. घाबरू नका, लावा. सगळ्यांना दाखवतो मी."

ताईने दोन बोटं अलगद कातडीवर टेकवली. खाली काहीतरी सतत थरथरत होतं. जोरात, न थांबता, जिवंत. तिने डोळे मिटले आणि बोटं थोडी पुढे सरकवली, आणखी थोडी, पार कोपरापर्यंत. कुठेही थबकण्यासारखं काही नव्हतं.

"लागतंय ना?" त्याने विचारलं.

"लागतंय."

मॅडम लगबगीने आल्या. "अहो, तुम्हाला माहितेय का या कोण..." ताईने मान हलवली. अगदी थोडी, पण मॅडम थांबल्या.

"इथे नवीन लागलात का मावशी?" तो माणूस म्हणाला. "याआधी पाहिलं नाही."

"हो," ताई म्हणाली, "नवीनच."

तिने रिकामा पेला त्याच्या हातातून घेतला, पुन्हा भरला, आणि त्याचा हात सहज पोहोचेल असा उशाच्या टेबलावर ठेवला. मग पिशवी खांद्याला अडकवून, दोन पलंगांमधल्या अरुंद वाटेतून, कुणाला धक्का न लावता ती दाराकडे गेली.